फरशी चांगली आहे, मग उखडायची कशाला?

कॉन्ट्रॅक्टर आला, हॉलच्या मधोमध उभा राहिला, टाचेनं फरशीवर दोनदा आपटलं आणि म्हणाला, “हे सगळं काढायचं.”

मी विचारलं, “का? काय झालंय तिला?”

त्याला प्रश्नच कळला नाही. थोडा वेळ तो माझ्याकडं, मग फरशीकडं बघत राहिला. “झालं काय नाही हो साहेब. पण आता मोझॅक कोण ठेवतंय?”

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. झालं काही नाही, तरीही काढायचं. माझं म्हणणं असं, की शहरात आणि शहराच्या कडेच्या गावात जुन्या फ्लॅटची जी दुरुस्ती चालते, तिच्यातलं सगळ्यात महागडं आणि सगळ्यात कमी गरजेचं काम म्हणजे चांगली फरशी फोडणं. ते आपण गरजेपोटी करत नाही, लाजेपोटी करतो. आणि त्या लाजेची किंमत आपण एकटे भरत नाही.

आमचा फ्लॅट उचगावात आहे. कोल्हापूर सोडून पुणे-बंगळूर हायवेकडं आलात की एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ आणि जवळच उचगाव. बिल्डिंग १९९६ ची, दुसरा मजला, कार्पेट साडेपाचशे चौरस फूट. पप्पा तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत होते. पीएफमधून पैसे काढून त्यांनी हा फ्लॅट घेतला. बिल्डर सगळीकडं करड्या सिमेंटची मोझॅक फरशी देत होता. हॉलला पांढऱ्या सिमेंटची हवी असेल तर वरचे पैसे द्यावे लागत होते. पप्पांनी ते दिले. माझा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. म्हणजे मी रांगलो ते त्या वरच्या पैशांवर.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, महिन्यातले पंधरा दिवस घरून काम करतो. वायरिंग जुनं झालं होतं, बाथरूम खालच्या मजल्यावर गळत होतं, ओट्याखालची लाकडी कपाटं वाळवीनं खाल्ली होती. दुरुस्ती हवीच होती. क्वॉटेशन आलं, त्यात पहिल्या ओळीला ‘जुनी फरशी काढणे’ आणि दुसऱ्या ओळीला ‘व्हिट्रिफाइड टाईल्स बसवणे’. दोन्ही मिळून सगळ्या खर्चाचा तिसरा हिस्सा. ज्या गोष्टीबद्दल घरातल्या कुणीही कधी तक्रार केली नव्हती, तिच्यासाठी तिसरा हिस्सा.

मी इंजिनिअर आहे, म्हणून आधी मोजलं. दहा इंची फरशी, साडेपाचशे चौरस फूट, म्हणजे साधारण आठशे फरश्या. दोन रविवार हातात रुपयाचं नाणं घेऊन मी गुडघ्यावर बसून एकेक फरशी वाजवली. पोकळ आवाज आला की खडूनं फुली आणि एक्सेलमध्ये नोंद. पप्पा सोफ्यावर बसून हे बघत होते. त्यांना वाटलं पोराला कामाचा ताण झालाय.

निकाल असा: पोकळ वाजणाऱ्या अकरा, तडा गेलेल्या चार, आणि पॅसेजमध्ये मागं कधीतरी प्लंबरनं फोडून वर नुसतं सिमेंट फासलेल्या सोळा. आठशेत एकतीस. चार टक्क्यांच्या आत. त्या चार टक्क्यांसाठी शंभर टक्के उखडायचं, असा तो प्रस्ताव होता.

मोझॅक फरशी म्हणजे काय, हे आमच्या पिढीला ठाऊक नसतं, कारण ती आपण विकत घेतलेली नसते. साच्यात खाली वाळू-सिमेंटचा जाड थर, वर पाच-सहा मिलिमीटरचा दुसरा थर. या वरच्या थरात सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे. दाबयंत्रात दाबायची, पाण्यात मुरवायची, मग घासायची. बसवल्यावर पुन्हा घासायची. म्हणजे तिचा चेहरा रंगवलेला नसतो, कापलेला असतो. वर ओरखडे पडले, पिवळेपणा आला, तर वरचा केसाएवढा थर घासून काढला की खाली तेच खडे, तीच नक्षी. तीस वर्षांत पायांनी जेवढं झिजवलं असेल, ते या थराच्या मानानं काहीच नाही. आमच्या हॉलची फरशी ‘जुनी’ झाली नव्हती. ती मळली होती.

माझ्या धंद्यात हा रोग ओळखीचा आहे. टीममध्ये नवा आलेला माणूस जुना कोड बघतो, नाक मुरडतो आणि म्हणतो, हे फेकून देऊ, पहिल्यापासून लिहू. नेटस्केप हा एके काळचा आघाडीचा ब्राउझर. त्यांनी जुना कोड बाजूला ठेवून नव्यानं लिहायला घेतलं. पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही, थेट सहावी २००० साली आली, आणि तोवर बाजार मायक्रोसॉफ्टनं नेला होता. चालणाऱ्या गोष्टीत बरंच काही मुरलेलं असतं, आणि फेकून दिल्याशिवाय ते दिसत नाही. हे आम्ही ऑफिसात एकमेकांना बजावतो आणि घरी येऊन कॉन्ट्रॅक्टरला ‘सगळं काढा’ म्हणतो.

पण खरं सांगायचं तर क्वॉटेशनवर माझं भांडण कॉन्ट्रॅक्टरशी झालंच नाही. झालं ते आत्तीशी. पप्पांची थोरली बहीण. माझ्यासाठी स्थळं बघायची मोहीम तिच्या हातात आहे. ती म्हणाली, “आरं, मुलीकडची माणसं आली की पहिलं काय बघत्यात म्हाइताय? खाली बघत्यात. टीव्ही बघत न्हाईत, फरशी बघत्यात.”

मी हसलो. ती हसली नाही. मग तिनं जे सांगितलं, त्यानंतर मीही हसलो नाही.

तिच्या लहानपणी गावातल्या घराला मातीची जमीन. आठवड्यातून एकदा शेणानं सारवायची, ते काम पोरींचं. पावसाळ्यात जमीन ओल धरायची, पोरं आजारी पडायची. पुढं शेजारच्या पाटलांनी सिमेंटचा कोबा केला, तेव्हा सारवलेल्या घरात पाहुणा आला की आजीला कसनुसं व्हायचं. मग कोबा आमच्याकडं आला, तोवर पाटलांकडं शहाबादी आली. १९९६ साली पप्पांच्या वास्तुशांतीला आत्तीनं हॉलच्या पांढऱ्या मोझॅकवरनं हात फिरवून बघितला होता. सगळ्यांनीच बघितला होता. “तवा तुझ्या बाची मान ताठ झालती,” ती म्हणाली. “आता तीच खाली जायला नगो.”

हा या वादातला सगळ्यात जड मुद्दा आहे. ‘जुनं जपा’ म्हणणारे लेख तो टाळतात, म्हणून मी टाळणार नाही. आपल्याकडं जमीन ही नुसती जमीन कधीच नव्हती. कुणाच्या घरात पाय कशावर टेकतो, यावरून त्या घराची पायरी ठरायची. शेण, कोबा, शहाबादी, मोझॅक, मग स्पार्टेक, मग व्हिट्रिफाइड. प्रत्येक पायरीनं खालच्या पायरीला लाजवलं. त्यातनं वर आलेल्या बाईला इंग्रजी बोलणाऱ्या भाच्यानं ‘जुनीच ठेव, छान दिसते’ म्हणणं, हे पोट भरलेल्यानं उपवासाचं महत्त्व सांगण्यासारखं वाटू शकतं. ज्याला कुणी गरीब समजणार नाही, त्यालाच जुन्या वस्तूंची हौस परवडते.

तरीही मी आत्तीशी सहमत नाही. तिच्या पिढीनं जी लढाई लढली, ती ओल न धरणाऱ्या, पाण्यानं धुता येणाऱ्या, रोज सारवावी न लागणाऱ्या जमिनीसाठी. ती लढाई १९९६ साली आमच्या घरापुरती जिंकून झाली. मोझॅक अजूनही ओल धरत नाही, अजूनही धुता येते. त्यानंतरच्या पायऱ्या पोरींच्या कंबरा वाचवायला कुणी बांधलेल्या नाहीत, त्या विकायला बांधल्यात. सारवणातनं सुटका आणि गेल्या वर्षीच्या डिझाइनमधनं सुटका या दोन गोष्टींना एकच नाव द्यायला मी तयार नाही.

शिवाय या फरशीला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो मान खाली घालण्यासारखा नाही. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर खाली बघा. तिथली नक्षीची फरशी इंग्लंडच्या मिंटन कंपनीची. एकोणिसाव्या शतकात देखणी फरशी म्हणजे बोटीनं आलेली फरशी. ती परिस्थिती बदलायला स्वदेशीच्या वाऱ्यात १९२२ साली मुंबईत सिधवा कुटुंबानं भारत टाईल्स सुरू केली आणि सिमेंटच्या फरश्या इथंच बनवायला घेतल्या. पुढं मोझॅकचे छोटे कारखाने गावोगाव निघाले. भट्टी नको, फार मोठं यंत्र नको. साचा, दाबयंत्र, पाण्याचा हौद आणि माणसं. म्हणून तर ती फौंड्रीतल्या कामगाराच्या आवाक्यात आली.

आता गंमत बघा. मी टाईल्सच्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या पोरानं सगळ्यात नवी, सगळ्यात चालणारी म्हणून जी रेंज काढली, तिचं नाव ‘टेराझो’. पांढऱ्या जमिनीवर करडे, पिवळसर, काळे खडे. म्हणजे मोझॅक. म्हणजे आमचा हॉल. टेराझो हे मोझॅकचंच इटालियन नाव. पुण्यातल्या ज्या कॅफेत दोनशे रुपयांची कॉफी मिळते, तिथं खाली हेच असतं आणि लोक त्याचे फोटो काढतात. फरक एवढाच, की शोरूममधल्या टाईलवर खडे नव्हते, खड्यांचा फोटो होता. कागदावर प्रिंटर छापतो तशी टाईलवर डिजिटल छपाई होते, वर काचेसारखा थर येतो आणि ती भाजली जाते. छपाईचा थर इतका पातळ, की तो गेला की फोटो गेला. तो घासून पुन्हा चमकवता येत नाही.

मी त्या पोराला मोबाइलमधला आमच्या हॉलचा फोटो दाखवला. तो म्हणाला, “अरे वा सर, हे कुठल्या कंपनीचं?”

म्हणजे क्वॉटेशन मान्य केलं असतं तर मी खरी मोझॅक फोडून, तिच्या जागी मोझॅकचं चित्र बसवायला लाखभर रुपये दिले असते. यावर विनोद करायची गरज नाही, तो आधीच झालेला आहे.

मोरबीच्या टाईल्सना मी शिव्या देत नाही. देशातल्या बहुतेक सिरॅमिक टाईल्स गुजरातेतल्या या एका भागात बनतात, आणि नव्या घराला त्या स्वस्त, सरळ आणि सोयीच्या असतात. माझ्या बाथरूममध्ये त्याच आहेत. पण त्या हवेतनं येत नाहीत. माती दळून, दाबून, बाराशे अंशांच्या आसपास भाजून त्या तयार होतात. तिथले कोळशाचे गॅसिफायर बंद करा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला २०१९ साली द्यावा लागला, इतकी हवा आणि पाणी बिघडलं होतं. जिथं फरशीच नाही तिथं ही किंमत समजू शकते. जिथं चांगली फरशी आहे तिथं ती कशाची?

येणाऱ्या मालाचा हिशोब निदान बिलात दिसतो. जाणाऱ्या मालाचा दिसत नाही, म्हणून तोही मी करून बघितला. मोझॅक फरशी साधारण बावीस मिलिमीटर जाड, खाली चाळीस मिलिमीटरचा मालाचा थर. चौरस मीटरला एकशेतीस किलोच्या आसपास. आमचा फ्लॅट एक्कावन्न चौरस मीटर. म्हणजे साडेसहा टन. दुसऱ्या मजल्यावरनं, लिफ्ट नसलेल्या जिन्यानं, पोत्यात भरून, कुणाच्या तरी पाठीवर.

मी कॉन्ट्रॅक्टरला विचारलं, “हे टाकणार कुठं?” तो म्हणाला, “टाकतो हो कुठंतरी. त्याचं टेन्शन तुम्ही घेऊ नका.” हे ‘कुठंतरी’ तुम्ही बघितलेलं असतं. हायवेच्या सर्व्हिस रोडची कडा, ओढ्याचा काठ, ज्या शेतात उद्या प्लॉट पडणार तो खड्डा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. तेव्हा आपण सगळ्यांनी धरणांना, पावसाला, पुलाच्या भरावाला दोष दिला. तो देण्यासारखा असेलही. पण पाण्याच्या वाटा बुजवण्यात आपल्या हॉलचे तुकडेही आहेत, हे कुणी बोललं नाही.

आणि कायदा? बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्रानं २०१६ साली नियम आणले. राडारोडा वेगवेगळा करून त्याचा आराखडा देण्याची सक्ती त्या नियमांत होती ती दिवसाला २० टनांपेक्षा किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टनांपेक्षा जास्त मलबा काढणाऱ्यांना. साडेसहा टनवाला माझ्यासारखा माणूस त्या चाळणीतनं अलगद खाली पडायचा. शहरात असे साडेसहा टनवाले किती असतील, ते तुमच्या गल्लीत पोती कुणाच्या दारात आहेत यावरून तुम्हीच मोजा.

या सगळ्यापेक्षा मला जास्त भीती होती ती धुळीची, आणि ती भीती घरातलीच होती. पप्पांची अठ्ठावीस वर्षं फौंड्रीत गेली. वाळूचे साचे, भट्टी, ओतकामानंतर घासकाम. गेली चार वर्षं ते दुसरा मजला चढताना मधल्या वळणावर थांबतात आणि मोबाइल बघितल्यासारखं करतात. डॉक्टरांनी इनहेलर दिला आहे आणि एकच वाक्य सांगितलं आहे: धुळीपासून लांब राहा. आता अशा माणसाच्या घरात ब्रेकर लावून वाळू-सिमेंटचा साडेसहा टन माल फोडायचा, मग ग्राइंडरनं कोरड्या टाईल्स कापायच्या. या धुळीत सिलिका असते. ती एकदा फुप्फुसात बसली की परत निघत नाही. ऑस्ट्रेलियानं तर स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावर जुलै २०२४ पासून बंदीच घातली, कारण तो कापणारी तरुण पोरं सिलिकोसिसनं आजारी पडत होती. आपल्याकडं तेच काम करणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधतो, आणि तोही गरम होतंय म्हणून अर्ध्या तासानं काढतो.

“पप्पांना महिनाभर आत्तीकडं पाठवू,” असं घरात ठरत होतं. मी विचारलं, “आणि ब्रेकर चालवणाऱ्या पोराच्या बापाला कुठं पाठवायचं?” त्यावर कुणी काही बोललं नाही. मला वाटतं, फरशी ठेवायची हे खरं तिथंच ठरलं.

आता पुढच्या बाजूचंही सांगतो. सगळं जुनं जपायचं, असा माझा हट्ट नाही. बाथरूमची फरशी आम्ही फोडली, कारण खालचं वॉटरप्रूफिंग गेलं होतं आणि खालच्या काकूंच्या छताला बुरशी आली होती. तुमच्या घरात फरशी खचली असेल, निम्मी पोकळ वाजत असेल, खालनं पाइप सडले असतील, तर फोडा. बिनधास्त फोडा. माझं म्हणणं फक्त एवढं, की फोडायला कारण लागलं पाहिजे. आज उलटं आहे. फोडणं गृहीत आहे आणि ठेवायचं असेल तर कारणं द्यावी लागतात.

कारण नसताना फोडायची सवय आजची नाही, आणि ती फक्त फ्लॅटवाल्यांचीही नाही. पंढरपूरचं बघा. विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात वर्षानुवर्षं भक्तांनी आणि व्यवस्थापनांनी चांगल्या मनानं ‘सुधारणा’ केल्या. काळ्या दगडावर ग्रॅनाइट, संगमरवर, रंग. मग मंदिराला मूळ रूप द्यायचा कोट्यवधींचा आराखडा आला. मार्च २०२४ पासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवून काम झालं आणि काय केलं? बसवलेलं ग्रॅनाइट काढलं. खालचा मूळ दगड मोकळा झाला आणि सगळ्यांनी हात जोडले. विठ्ठलाच्या पायाखालचं नवं काढायला आपण सरकारी पैसा खर्च करतो, त्याला संवर्धन म्हणतो, आणि घरी येऊन बापानं घेतलेल्या फरशीला जुनाट म्हणतो. आमचा फ्लॅट काही वारसास्थळ नाही, होणारही नाही. पण ‘सुधारणा’ नावाखाली आपण काय झाकतो, हा प्रश्न देवळाचा तोच फ्लॅटचा.

शेवटी काम कसं झालं ते सांगतो, कारण नुसतं ‘ठेवा’ म्हणणं सोपं असतं.

पहिली अडचण माणूस मिळण्याची. मोझॅक घासणारे आता कमी झालेत. तीन आठवड्यांनी एक मामा मिळाले, साठीच्या पुढचे. त्यांचा पोरगा पीओपीची कामं करतो, कारण यात आता धंदा राहिला नाही. त्यांनी आधी पलंगाखालच्या आणि कपाटामागच्या चांगल्या फरश्या अलगद काढल्या आणि हॉलमधल्या तडकलेल्यांच्या जागी बसवल्या. कपाटामागं साधी करडी फरशी टाकली, तिथं कोण बघतंय. पोकळ फरश्यांखाली सिमेंटची पातळ रबडी सोडली. पॅसेजमधल्या सोळा जागी संगमरवराचे तुकडे आणून तिथल्या तिथं माल भरला. सांध्यांमधली वर्षांची काळी घाण कोरून पांढरं सिमेंट भरलं.

मग मशीन. सगळं पाण्यात. आधी जाड दगड, मग मध्यम, मग बारीक. धूळ नाही, राखाडी चिखल होतो. तो बादल्यांत गोळा करून खाली बसू दिला, नाहीतर ड्रेनेज कायमचं बंद पडतं. हे काम करून घेणार असाल तर ही एक गोष्ट आधी बोलून घ्या. हॉलला शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचं पॉलिश केलं. बाथरूमबाहेरच्या पॅसेजला नको म्हणालो. दोन वर्षांपूर्वी माझी मावशी तिच्या नव्या घरात चकचकीत टाईलवर ओल्या पायानं घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. चकचकीत मोझॅकही घसरतेच. पण मोझॅकमध्ये किती चमक हवी ते मधेच थांबून ठरवता येतं. मामांनी पॅसेज मध्यम दगडावर सोडून दिला.

पाच दिवस लागले. पप्पा घरातच होते, बेडरूमचं दार लावून, आणि मधनंमधनं बाहेर येऊन मामांना सूचना देत होते. घासकाम हा त्यांचाही विषय. नव्या टाईल्सच्या भावात आणि या भावात जवळपास चौपट फरक पडला. मामा पाचशे रुपये कमी करायला तयार होते. पप्पांनी पाचशे जास्त दिले.

सगळं परिपूर्ण झालं असं नाही. पॅसेजमधले सोळा चौकोन रंगानं वेगळे दिसतात, दिसणारच. स्वयंपाकघरात गॅस सिलिंडरच्या बुडाचा गंजाचा गोल डाग खोलवर गेला होता, तो फिकट झाला पण गेला नाही. दुसऱ्या बेडरूममध्ये एका कोपऱ्यात फरशा नखभर वरखाली आहेत. तीस वर्षांपूर्वी बसवणाऱ्यानं संध्याकाळी घाई केली असावी. त्यांना मी बग म्हणतो आणि सोडून देतो.

तुमच्या घरात काम निघणार असेल तर सही करण्याआधी चार गोष्टी करा. एक, नाणं घ्या आणि फरशी वाजवा, मोजा. दोन, क्वॉटेशनमध्ये फोडणं, राडारोडा उतरवणं आणि तो कुठं टाकणार, हे वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. ‘कुठंतरी’ ही जागा नाही. तीन, टाईल्सच्या दुकानात जाण्याआधी एका घासणाऱ्या माणसाला घर दाखवा. टाईल्सवाला ‘टाईल्स नको’ म्हणणार नाही, ते त्याचं कामही नाही. चार, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही फरशी कधी आली, कुणी घेतली, किती वरचे पैसे दिले. एवढं करूनही फोडावीशी वाटली तर फोडा. निदान ते तुम्ही ठरवलेलं असेल, कॉन्ट्रॅक्टरच्या टाचेनं नाही.

दिवाळीनंतर मुलीकडची माणसं येऊन गेली. चहा-पोहे झाले, हायवेचं रुंदीकरण आणि पुण्यातले फ्लॅटचे भाव यावर बोलणं झालं. खाली कुणी बघितल्याचं मला दिसलं नाही. आठ दिवसांनी नकार आला, पत्रिकेचं कारण सांगून. आत्तीचं ठाम मत आहे की फरशीमुळं फिसकटलं. असेलही. ज्या घरात फरशीवरनं माणसं नापास होतात, त्या घरात माझं नाहीतरी जमलं नसतं. हे मी आत्तीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “बस मग तुझी फरशी घेऊन.”

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर ब्रेकर सुरू झाला. तिथंही तीच फरशी, तेच वर्ष. आम्ही खिडक्या लावल्या आणि मी वर गेलो. त्यांना उपदेश केला नाही, त्यांचं ठरलेलं होतं. कामावरच्या पोरांना मास्कचं एक पाकीट दिलं आणि म्हणालो, ज्या अख्ख्या निघतील त्या टाकू नका, मी नेतो. बहुतेक फुटल्याच. चौतीस निघाल्या. पप्पांनी त्या बाल्कनीत नीट उभ्या रचून, वर गोणपाट टाकून ठेवल्यात. पुढच्या तीस वर्षांत लागतील म्हणतात.